सातासमुद्रापलीकडे

आमच्या निवतळ गावात रोगराईला एकच उत्तर होतं:
निघायचं.
देवाने कौल दिला की तीन दिवस, तीन रात्री
गुरं, कोंबड्या, पाळण्यातलं पोर,
रुझार फर्नांडिसची डुकरं, हुसेन मुजावरांच्या शेळ्या,
अख्खा गाव खाडीपलीकडे, झापांच्या खोपटांत.
मागे चुलीत विस्तव नाही, तिन्हीसांजेला दिवा नाही.
गावात फक्त देव, आणि जे काय असेल ते.
त्यांचं त्यांनी मिटवायचं.

त्या मार्चात साऱ्या देशाला एकच हुकूम आला:
घराबाहेर पडू नका.
दाजी गुरव टीव्हीपुढून उठत म्हणाला,
"ह्या उलटाच झाला मां.
रोग भायर फिरतलो, आणि माणसां आत?"

पाच वाजता थाळ्या वाजवायच्या होत्या.
मेस्तांनी नुकताच टांगलेला शिमग्याचा ढोल पुन्हा काढला.
रुझारने चॅपेलची घंटा दिली.
मुजावरांची तांब्याची परात थोडी उशिरा वाजली,
नमाज उरकून.
कुणी एवढं लक्ष दिलं नाही. मी दिलं.
मी दक्षता समितीत होतो: शिटी, टोपी,
आणि शिवेवर आडवा बांबू,
मीच तोडलेला, आमच्याच बेटातला.

त्या बांबूआडून मी सख्ख्या चुलतभावाला विचारलं,
"कुठून आलास?"
पनवेलहून चालत आला होता. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.
चौदा दिवस तो शाळेत राहिला, चौथीच्या वर्गात,
आम्ही दोघे बसायचो त्या बाकाजवळ.
कर्कटकाने कोरलेली नावं अजून आहेत,
हे त्याने फोनवर सांगितलं.
मी "हं" म्हटलं.

आणि खाडीच्या तोंडाशी एक ट्रॉलर नांगरून पडला होता.
मालक रत्नागिरीत अडकलेला,
वर सात खलाशी, श्रीकाकुळमकडचे.
त्यांना उतरू द्यायचं नाही, हे एकमताने ठरलं.
इतकी एकी मी पालखीच्या मानावरूनही
कधी पाहिली नव्हती.

त्यांच्यातला अप्पलराजू रोज सकाळी
डोलकाठीला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा,
डेकवर हळदीचं पाणी शिंपडायचा.
धक्क्यावरून कुणीतरी म्हणालं, करणी करतात.
त्याच माणसाच्या दाराला
लिंबू-मिरची होती, ताजी.

नवव्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं.
पाचच जण, मास्क लावून, हात-हात अंतरावर.
दाजीने नारळ पुढे धरला.
"बा देवा म्हाराजा!"
होय म्हाराजा.
"ही जी काय इडापिडा इली आसा..."
होय म्हाराजा.
"ती सातासमुद्रापलीकडे..."

आणि दाजी थांबला.
देवळाच्या पायरीवरून समुद्र दिसतो.
ट्रॉलरवर कुणीतरी लुंगी वाळत घालत होतं.
दाजी पिढीजात गाऱ्हाणं घालणारा,
त्याच्या बापाचा, आज्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.
त्याने घसा खाकरला.
"...खंय घालवशीत ता तुझा तू बघ.
पण वाटेत बोट आसा रे म्हाराजा.
सात झिल आसत कोणाचे तरी."

आम्ही जरा चाचरलो.
ह्याला होय म्हणायचं की नाही,
असं कधी विचारलंच नव्हतं कुणी.
मग मेस्त म्हणाला, मग बाकीचे.
मी शेवटी.

रात्री रुझारची होडी गेली.
मुजावरीणबाईंची पेज, मेस्तांचा सुका बांगडा, गोड्या पाण्याची पिंपं.
दोरीने वर ओढून घेतलं त्यांनी.
शिव्या होत्या की आशीर्वाद, कळलं नाही.
तेलुगू कुणाला येत होतं?
उतरू मात्र दिलं नाही, आणखी अकरा दिवस.
हेही सांगायला हवं.

आता त्या बांबूवर दोडक्याचा वेल चढवलाय.
यंदा देवाने पुन्हा कौल दिला.
गाव निघाला, नेहमीसारखा,
डुकरं, शेळ्या, ह्यावेळी मोबाईलचे चार्जरही.
खोपटात बसून मी पलीकडचा अंधारलेला गाव बघत होतो.
बाहेरून तो कुणाचाही वाटतो.

चुलतभावाला निरोप धाडला होता.
आला नाही.